पाचवी ओवी

डायलिसिसच्या यंत्राला पुढच्या अंगाला एक चाक असतं. तळहातात मावेल एवढं. चाकाच्या दोन टोकांना दोन रूळ आणि भोवतीनं कमानीसारखी वळवलेली रक्ताची नळी. चाक फिरलं की रूळ नळीला दाबत सरकतात आणि त्या दाबानं रक्त पुढं जातं. मिनिटाला साधारण पाव लिटर. माणसाच्या अंगात रक्त असतं पाच लिटरच्या आसपास. म्हणजे चार तासांत ते सगळंच्या सगळं दहा-बारा वेळा बाहेर येतं, धुतलं जातं आणि परत आत जातं. तेवढा वेळ ते चाक घरघर, घरघर फिरत राहतं.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. पहाटे साडेपाचला घर सोडायचं, सहाच्या पाळीला यांना यंत्रावर घ्यायचं, दहा वाजता सोडवायचं. २०१९ पासून हे असं चाललं आहे. पहिलं वर्षभर मी त्या चाकाकडं बघायचंच टाळलं. खुर्ची फिरवून खिडकीकडं तोंड करून बसायची. खिडकीतून दिसायची ती फक्त समोरची भिंत आणि तिच्यावरचे पाण्याचे पाईप, पण ते बरं वाटायचं.

आता बघते. त्याच्याकडं बघता बघता एके दिवशी आजीचं जातं आठवलं, तेव्हापासून.

या आजारात सगळं मोजावं लागतं. यंत्रावर घेण्याआधी वजन, उतरल्यावर वजन. दोन पाळ्यांच्या मधे वजन किती वाढलं, म्हणजे अंगात पाणी किती साठलं, ते. दिवसाला एक लिटर पाणी, आणि त्या लिटरात चहा, ताक, आमटी, गोळ्या गिळायचा घोट, सगळं आलं. मी सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवते. यांना चहा दिला की तेवढंच पाणी बाटलीतून काढून झाडाला घालते. संध्याकाळी बाटलीत उरलेलं दिसतं, तेवढं यांचं. भाज्या चिरून पाण्यात भिजवायच्या आणि ते पाणी फेकायचं. केळं नाही, नारळपाणी नाही, टोमॅटो बेतानं. रक्तातलं हे किती, ते किती, दर महिन्याला कागद येतो. खर्चही मोजावा लागतो. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं म्हणून आमचं निभावतं. मी शिवणकाम करते. फॉल-पिको, ब्लाऊज, लग्नसराईत थोडं जास्त.

सोलापूरचा मे महिना ज्यानं काढला आहे त्यालाच एक लिटर म्हणजे काय ते कळेल. हे चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे, होते. मागांच्या मधे, उकाड्यात, आयुष्य काढलेला माणूस. कामावरून आले की उभ्या उभ्या तांब्याभर पाणी संपवायचे. तो माणूस आता उन्हाळ्यात दुपारी ओला रुमाल ओठांवर ठेवून बसतो आणि मला दिसू नये म्हणून तोंड भिंतीकडं करतो.

एकदा तिथल्या मुलाला मी विचारलं, या यंत्राला पाणी किती लागतं? तो म्हणाला, एका माणसाच्या चार तासांना एकशे वीस लिटर. चार तासांतच एकशे वीस लिटर यांच्या रक्ताशेजारून वाहून जातं, आणि यांनी प्यायचं एक. त्या रात्री मी देवापुढं दिवा लावला नाही. तो पुढं कितीतरी दिवस लागला नाही.

खरं सांगायचं तर दिवा त्याआधीच मंदावला होता. ती गोष्ट पुढं सांगते. आधी आजी.

आजी म्हणजे आईची आई. गाव बार्शीकडचं. मी लहानपणी सुट्टीला जायची ते ऐंशीचं दशक. गावात पिठाची गिरणी आली होती, तरी डाळी भरडायला, मीठ-मिरचीला, आणि मला वाटतं निव्वळ सवयीला, आजी पहाटे जात्यावर बसायची. कोंबडं आरवायच्याही आधी. मी अर्धवट झोपेत तिच्या मांडीवर डोकं ठेवायची. जात्याची घरघर जमिनीतून अंगात यायची. एक हात खुंट्यावर, दुसऱ्या हातानं मूठमूठ वैरण, म्हणजे दळायचं धान्य, घालायची, आणि गळ्यातून ओवी.

तिच्या ओव्या मोजलेल्या असायच्या. पहिली माझी ओवी, दुसरी माझी ओवी, अशा. ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. पहिली देवाला, मग आईबापाला, भावाला, कुंकवाच्या धन्याला, लेकराला. एकेकाचं नाव घ्यायचं, त्याचं काय चांगलं ते सांगायचं, आणि दगड फिरवायचा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी आता ‘पारी’ या इंटरनेटवरच्या संग्रहात कुणालाही ऐकता येतात. माझ्या मुलीनं पुण्याहून ते मला फोनवर लावून दिलं, डायलिसिसच्या वेळात कंटाळा येतो म्हणून. एका कानात बायकांचे आवाज, दुसऱ्या कानात यंत्राची घरघर. दोन्ही एकमेकांत मिसळले आणि मला हुंदका आला. सिस्टर धावत आली, तिला वाटलं पेशंटला काही झालं.

आजीची पहिली ओवी मला अजून पाठ आहे.

पहिली माझी ओवी गं, पंढरीच्या राया
किती युगं उभा बापा, दमली तुझी काया

लहानपणी मला ही ओवी फक्त गोड वाटायची. आता तिच्यातलं खरं दिसतं. रात्री भाकरी थापून, पहाटे दळायला बसलेली बाई, जिची स्वतःची कंबर दुखते आहे, ती देवाला म्हणते, तू दमलास. काही मागत नाही. आधी त्याची विचारपूस करते.

जनाबाईची आठवण इथं होणारच. गंगाखेडची पोर, पंढरीत नामदेवांच्या घरी दळण-कांडण करायला राहिली, आणि म्हणाली, दळिता कांडिता तुज गाईन अनंता. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं जातं दाखवतात. आषाढीला गेलेल्या बायका त्याचा खुंटा धरून एक फेरा फिरवतात. विठ्ठल येऊन तिच्याबरोबर दळायला बसायचा असं म्हणतात. आजीचा त्यावर काडीइतकाही संशय नव्हता. मी विचारलं होतं, तुझ्याबरोबर बसतो का गं? ती म्हणाली, “बसतो की. न्हाईतर येवढा जड दगड फिरंल व्हय माझ्या एकटीनं?”

दुसरी ओवी माहेरच्या आडाची.

दुसरी माझी ओवी गं, माहेरच्या आडा
तुझ्या पाण्यावर उभा, सात पिढ्यांचा वाडा

तिसरी भावाची. चौथी बैलजोडीची. आणि पाचवी.

पाचवीपाशी आजीचा आवाज खाली यायचा. जातं मात्र थांबायचं नाही.

पाचवी माझी ओवी गं, माझ्या तान्ह्या राघूला
दोन वर्सं का व्हईना, दिला देवानं गं मला

मी सात-आठ वर्षांची असेन. विचारलं, “आजी, हा राघू कोण?” ती म्हणाली, “तुझा मामा.” मला तर दोनच मामा माहीत होते, मिशावाले, शेतात राबणारे. “कुठला मामा?” ती वैरण घालत म्हणाली, “धाकला. दोन वर्सांचाच हाय अजून.”

बाकीचं आईनं सांगितलं, फार उशिरा, मला स्वतःला लेकरू झाल्यावर.

१९७२ चा दुष्काळ. त्याआधीच्या वर्षीही पाऊस नीट झाला नव्हता, आणि ७२ ला तर पावसानं तोंडच फिरवलं. जुनी माणसं कुठलीही गोष्ट सांगताना अजून ‘दुष्काळाच्या आदी’, ‘दुष्काळाच्या मागनं’ असं वर्ष धरतात, तो हा. ७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. आज आपण ज्याला रोजगार हमी म्हणतो, तिची मुळं वि. स. पागे यांनी आधीच घातली होती. दुष्काळात ती कामाला आली, पुढं १९७७ ला कायदा झाला. हे मी नंतर वाचलं. आईला आठवतं ते एवढंच की आजी डोक्याला फडकं बांधून खडीवर जायची, हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असायच्या, आणि कामावर मिळणारी सुकडी ती पदरात बांधून पोरांसाठी आणायची. रेशनवर मिलो मिळायचा, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. भाकरी लाल व्हायची, चवीला परकी लागायची. आजोबांनी बैल आधी छावणीला नेले आणि मग विकले. माहेरच्या आडाला तळ दिसला. पाणी टँकरचं, घरात माणशी एक तांब्या.

म्हणजे आमच्या घरात पाणी मोजायची ही दुसरी खेप आहे.

दळायला धान्य असेल त्या दिवशी जातं फिरायचं, नसेल त्या दिवशी उपाशी राहायचं. आणि ज्या दिवशी फिरायचं त्या दिवशी आजी ओव्या म्हणायची, त्याच मोजणीनं. आईला तेव्हा कळायचं नाही. आड आटला होता, तरी दुसरी ओवी आडाला. गोठा रिकामा होता, तरी चौथी ओवी बैलांना. आई तेव्हा लहानच होती. तिनं एकदा सांगितलंही, “आये, बैल न्हाईत आता.” आजी म्हणाली, “व्हते की. त्येंनी वडलंय म्हनून तर आपुन हाय.”

७३ च्या वैशाखात धाकट्या मामाला हगवण लागली. दोन दिवसांत गेला. तेव्हा पाचव्या ओवीची दुसरी ओळ वेगळी होती. अंगणात खेळू दे, शंभर वर्सं गं त्येला, अशी.

तेराव्यानंतरच्या पहाटे आजी जात्यावर बसली. घरात मिलो होता थोडा. आई वाकळेत जागी होती. आजोबाही जागे होते, पण कुणी हललं नाही. पहिली ओवी झाली, दुसरी, तिसरी, चौथी. आता ही काय म्हणते, याकडं सगळ्यांचा जीव लागलेला. आईला वाटलं, ही आता सहावी म्हणेल. आजीनं वैरण घातली. जातं एक फेरा मुकं फिरलं. दुसरा फेरा मुका फिरला. आणि मग पाचवी आली, त्याच चालीत. पहिली ओळ तीच होती, फक्त दुसरी बदलली होती. दोन वर्सं का व्हईना.

आई म्हणते, आजोबांनी तोंडावर वाकळ ओढली आणि ते रडले. त्यांना रडताना तिनं तेवढं एकदाच पाहिलं.

आता आमच्या घराचं.

यांची मूत्रपिंडं २०११ ला गेली. रक्तदाबानं. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तेव्हाही डायलिसिस होतं, वर्षभर. आणि मग सासूबाईंनी स्वतःची किडनी द्यायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे त्यांनी कुणाला विचारलं नाही. बासष्ट वर्षांची बाई, शाळेचं तोंड न पाहिलेली. कायद्याप्रमाणं समोर बसवून विचारतात, कुणी जबरदस्ती केली का, पैशाचं आमिष दाखवलं का. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सांगितलं, “माझंच हाय ते. नऊ महिने पोटात ठिवला तवा कुणी इचारलं नव्हतं.” तिथला साहेबही गप्प झाला.

२०१२ ला पुण्याला शस्त्रक्रिया झाली. बऱ्याच जणांना माहीत नसतं, जुन्या किडन्या काढत नाहीत. त्या जागच्या जागी राहतात, आणि नवी पोटात खाली उजवीकडं बसवतात. कातडीखाली हात लावला तर कळते. आई घरी आल्यावर यांच्या पोटाला हात लावून म्हणायच्या, “सुखी हायेस का गं तितं?”

आणि मग पाणी. नव्या किडनीला पाणी भरपूर लागतं. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला तीन लिटर तरी प्या. वर्षभर घोट मोजलेला माणूस! घरी आल्याच्या पहिल्या दिवशी आईंनी माठाजवळ पाट मांडला, यांना बसवलं आणि तांब्या पुढ्यात ठेवला. हे पीत होते आणि आई बघत होत्या. घोटाला घशाची घाटी वर-खाली होते ना, ती. त्या तिच्याकडं एकटक बघत होत्या. तांब्या संपला की भरून द्यायच्या. पुढं मग रोज संध्याकाळी हे कारखान्यातून आले की तेच. पाट, तांब्या आणि पुढ्यात आई.

२०१७ ला आई गेल्या. झोपेत, हृदय बंद पडून. अंत्ययात्रेला निघताना यांनी पोटावर हात ठेवलेला होता आणि तो शेवटपर्यंत काढला नाही. आई गेल्यावरही दोन वर्षं आई यांच्या पोटात काम करत होती.

२०१९ ला ती थांबली. शरीरानं हळूहळू तिला परकी ठरवलं. डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली, सगळं केलं. शेवटी परत यंत्र. पुण्याच्या विभागीय केंद्राच्या प्रतीक्षायादीत नाव आहे, पण एकदा शरीरानं नाकारलं की दुसऱ्यांदा जुळणारी मिळणं अवघड असतं. थांबलेली किडनी काढलेली नाही. ती अजून तिथंच आहे, उजव्या बाजूला, खाली.

तेव्हा लोक आले, बसले, बोलले. सगळे मायेनं बोलले, मला ठाऊक आहे. देव परीक्षा बघतो. जे होतं ते बऱ्यासाठी होतं. एकानं तुकोबांचा दाखला दिला. तुकोबांनी नाही का म्हटलं, बरे झाले देवा निघाले दिवाळे?

हो, म्हटलंय. १६३० च्या सुमाराच्या त्या भयंकर दुष्काळात त्यांचं दुकान बुडालं, गुरंढोरं गेली, पहिली बायको अन्न अन्न करत गेली. हे त्यांनीच स्वतःच्या अभंगात लिहून ठेवलंय. एवढं सगळं अंगावरून गेल्यावर तो माणूस देवाला म्हणाला, बरे झाले, तुझ्याकडं आलो. हा अभंग मी लहानपणापासून भजनात ऐकत आले. त्या दिवशी मात्र तो माझ्या अंगाला लागला. मी तोंडानं काही बोलले नाही, आत जाऊन पीठ मळत बसले.

नंतर खूप विचार केला त्यावर. मला वाटतं, ‘बरे झाले’ हा शब्द ज्याचं गेलं त्यानंच म्हणायचा असतो, स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या वेळेला. दुसऱ्यानं तो आणून द्यायचा नसतो. तुकोबांनाही तो बायकोच्या चितेपाशी सुचला नसणार. मधे डोंगरावरचे किती दिवस गेले असतील. आणि तेच तुकोबा देवाशी किती भांडलेत! भांडणाचे अभंग एका पारड्यात टाकले तर ‘बरे झाले’चं पारडं वर जाईल. मला अजून ‘बरे झाले’ म्हणता येत नाही. यांची किडनी गेली ते बरं झालं असं मी कधी म्हणेन असं मला वाटत नाही. आजीनंही मामा गेला ते बरं झालं असं कधी म्हटलं नाही. दोन वर्षं दिला होता, एवढंच म्हटलं. त्या दोन बोलण्यांत केवढं तरी अंतर आहे, आणि मला उभं राहायला जागा मिळाली ती त्या अंतरात.

शेजारच्या खाटेवर बरेच महिने एक मावशी यायच्या, नगरकडच्या, ख्रिस्ती. यंत्र सुरू झालं की हलक्या आवाजात भजन म्हणायच्या, ना. वा. टिळकांचं. चाल अशी की डोळे मिटले तर वाटावं आपल्याच गावच्या देवळात बसलोय. शेवटच्या तासात त्यांच्या पायात गोळे यायचे. पाणी भराभर काढलं की येतात, भयंकर दुखतं. त्या ओरडायच्या, मी धावून पोटऱ्या दाबायची. ओरडून झालं की डोळे पुसून म्हणायच्या, “देवाची उपकारस्तुती असो.” एकदा मी न राहवून विचारलं, “मावशी, आत्ता तर किंचाळत होता, आणि लगेच स्तुती?” त्या म्हणाल्या, “आमच्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत, बाळ. त्यात रडणं किती आहे ते वाचून बघ. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. शेवटीसुद्धा उजाडत नाही. तरी ते स्तोत्रांतच ठेवलंय, काढून नाही टाकलं.”

त्या पुढं दुपारच्या पाळीला गेल्या. पण त्यांचं ते बोलणं आणि आजीचे ते दोन मुके फेरे माझ्या मनात शेजारी शेजारी बसले. काढून नाही टाकलं. अंधाराचं स्तोत्र नाही, पाचवी ओवी नाही, आटलेला आडसुद्धा नाही.

फोनवरच्या ओव्या ऐकल्या त्यानंतरच्या शनिवारपासून मी मनातल्या मनात मोजायला लागले. बाहेर आवाज काढायची लाज वाटते अजून. चाक फिरतं तसं म्हणायचं. पहिली पांडुरंगाला, आजीचीच ओवी, तीत बदल नाही. दुसरी यांच्या डाव्या हाताला. त्या हातातली धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केलाय, सुया तिथंच टोचतात. त्यावर तळवा ठेवला तर आत सतत थरथर लागते, शेजारच्या खोलीत कुणी दळत बसावं तशी. रात्री जाग आली की मी तिथं हात ठेवते. घरघर चालू असली की परत झोपते. त्या थरथरीला ओवी नको? तिसरी सुई टोचणाऱ्या मुलाला. पहिल्या प्रयत्नात टोचतो, हातात देव आहे त्याच्या. चौथी या गोष्टीला की आई आधी गेल्या. आपण दिलेलं थांबलं हे त्यांना बघावं लागलं नाही. हे लिहितानाही माझा हात थांबतो, पण मी ते रोज मोजते.

आणि मग सहावी. मुलीला नोकरी लागली, तिची. सातवी शिलाई मशीनची. आठवी पहाटेच्या रिक्षावाल्या काकांची, जे परतीचे पैसे घेत नाहीत.

कितीतरी महिने असंच चाललं. चारवरून सहावर. मला कळत होतं की मी एक वगळते आहे. पाचवी कुणाची ते मला पक्कं ठाऊक होतं. पहिली ओळही तयार होती. दुसरी मला जुळवायचीच नव्हती, कारण ती जुळली असती तर ती गोष्ट संपली असं झालं असतं.

मागच्या वैशाखातली गोष्ट. गुरुवार होता. बाहेर सकाळी आठलाच ऊन भाजत होतं. यांचं वजन जास्त वाढलं होतं, साडेतीन किलो. म्हणजे दोन दिवसांत कुठंतरी पाणी जास्त झालं होतं. सिस्टर रागावली, मायेनंच. हे काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं डोळे मिटून हळूच म्हणाले, “रात्री उठून प्यालो. तुला सांगितलं नाही. माठाजवळ बसलो, तांब्याभर प्यालो. आईनं दिल्यासारखं वाटलं.”

मी काय बोलणार? चाकाकडं बघत बसले. एक फेरा. दुसरा फेरा. आणि मग माझ्या तोंडून आवाज निघाला, मनातल्या मनात राहिलाच नाही. आजीच्या चालीत, भरल्या गळ्यानं, पण निघाला.

पाचवी माझी ओवी गं, सासूबाईंच्या देण्याला
सात वर्षं का होईना, पाणी पाजलं तान्हेल्याला

पलीकडच्या खाटेवरच्या काकांनी मान वळवली. सुई टोचणारा मुलगा कागदावर लिहिता लिहिता थांबला. यांनी डोळे उघडले नाहीत. मोकळा हात चादरीखाली नेला आणि पोटावर उजवीकडं, खाली ठेवला.

“परत म्हण,” म्हणाले.

मी परत म्हटलं.

“आई तांब्या पुढ्यात ठेवून बघत बसायची,” ते म्हणाले. “मला तेव्हा चीड यायची. म्हणायचो, काय बघतेस एवढं? पिऊ दे की.” त्यांच्या बंद डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी ते पुसलं नाही. मोजलेल्या लिटरातलं नव्हतं ते.

त्या संध्याकाळी दिवा लावला. तेल बेताचंच होतं, तेवढंच घातलं. सकाळी मात्र यंत्रावर अजून पन्नास मिनिटं बाकी होती. चाक फिरत होतं. यांनी विचारलं, “सहावी कुणाची?”